मान डोलावणारी गाडी

हिंदुरावाच्या पिकअपमध्ये बसून आजवर कोणाला 'नाही' म्हणता आलेलं नाही. हसा खुशाल. मी शिरगावात त्याच्या भिंतीला भिंत लावून राहतो, त्या गाडीच्या हौद्यात बसून पुष्कळ फिरलोय, आणि माझे खालचे दोन दात तिनेच पाडलेत. दाताच्या डॉक्टरकडे जावंच लागलं नाही.

गाडी तशी दणकट. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं, पलंग, सोफे उचलायचे आणि खरवईच्या नव्या टॉवरांत नेऊन टाकायचे, हा हिंदुरावाचा धंदा. उभी असली की गरीब गाय. पण वेगाचा काटा पन्नाशीपलीकडे गेला, की तिच्या अंगात यायचं. थरथर खालून उठायची, सीटमधून पाठीच्या कण्यात चढायची आणि मानेशी येऊन बसायची. मग मान वर-खाली, वर-खाली. हिंदुराव म्हणायचा, "वायब्रेट मारते." हा शब्द फार सौम्य झाला. एकदा भुईमुगाच्या शेंगांचं पोतं ठेवलं होतं, तर घरी येईस्तोवर टरफलं एका कोपऱ्यात आणि दाणे दुसऱ्या. कपाटांचे स्क्रू आपोआप फिरून बाहेर यायचे, गिऱ्हाईक कपाट म्हणून विकत घ्यायचं आणि फळ्या म्हणून उतरवून घ्यायचं.

खरवईचे विष्णुपंत म्हणजे कंपनीतले रिटायर साहेब. उभ्या जन्मात कोणाच्या बोलण्याला त्यांनी होकार दिला नव्हता. सोसायटीच्या मीटिंगला सगळे हात वर करायचे, हे खिशात घालायचे. ते एकदा आपल्या पलंगासोबत पुढे बसून आले. हिंदुराव अंबरनाथपासून बडबडत होता आणि पंत प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. गेटपाशी उभ्या त्यांच्या बायकोने, कुंदाताईंनी, ते काचेतून पाहिलं आणि हिंदुरावाला बाजूला घेऊन विचारलं, "यांना दर रविवारी फिरवून आणाल का हो?"

त्या गाडीचा एक कायदा होता. चालत्या गाडीत तोंड उघडायचं नाही, जीभ चावली जाते. हिंदुरावाला सवय झाली होती म्हणून तो बोलू शकायचा. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं.

आणि याच गाडीतून हिंदुराव आणि कौसाबाई आपल्या पोरीला, संजीवनीला, दाखवायला अंबरनाथला बुवापाड्यात घेऊन गेले. पुढे ते तिघं, मागे हौद्यात मी, कारण लग्नाची बोलणी करायला एक म्हातारा लागतो. मधली काच कधीच गळून पडली होती, त्यामुळे मला पुढचं सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं.

संजीवनी शिरगावातल्या लॅबमध्ये रक्त घ्यायची. तिचा हात असा, की तान्ह्या पोराची शीर पहिल्या टोचणीला सापडायची. पोर रडायला तोंड उघडायचं तोवर कापूस लागलेला असायचा. मुलगा महेंद्र, कंपनीत नोकरीला, दिसायला बरा. वाईट काहीच नव्हतं त्याच्यात. पोहे झाले, चहा झाला. मग त्याची आई म्हणाली, आमच्याकडे सुना बाहेर कामाला जात नाहीत, आणि लोकांचं रक्तबिक्त तर नकोच. महेंद्र बशीतला शेवटचा शेंगदाणा वेचत होता, तो वेचत राहिला.

परत निघालो. गाडी हायवेला लागली, काटा पन्नाशीपलीकडे गेला आणि हिंदुरावाने नेमकं तेव्हाच विचारलं, "काय बाय, पसंत हाय ना?"

संजीवनीची मान वर-खाली झाली. कौसाबाईचीही झाली. मागे माझीही होत होती, पण मला कोणी विचारलं नव्हतं. हिंदुरावाने खुशीत येऊन तिथल्या तिथे बुवापाड्याला फोन लावला आणि सांगितलं, मुलीचा होकार आहे, मान डोलावली तिने.

आपल्याकडे पोरीने तोंडाने 'हो' म्हणायचं नसतं. खाली बघून मान हलवली की झालं. तिच्या आईने तशीच हलवली, आजीने तशीच हलवली. तेव्हा हिंदुरावाचं काही चुकलं असं कोणाला वाटलंच नाही.

घरी उतरल्यावर पोरगी म्हणाली, "बाबा, मी नाही डोलावली. गाडी हालत होती."

"मान तुझीच होती ना?" हिंदुराव म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.

घरात आठवडाभर अबोला. शेवटी कौसाबाईनेच तोड काढली. बाई शाळेत गेली नव्हती, पण वकिलाच्या वर. ती म्हणाली, आधी गाडी नीट करून आणा, मग त्याच गाडीत, त्याच रस्त्याला पोरीला पुन्हा विचारा. हिंदुराव कबूल झाला. एक तर फळ्या उतरवून घेणारी गिऱ्हाइकं वैतागली होती, आणि दुसरं म्हणजे उत्तर तेच येणार याची त्याला खात्री होती.

उल्हासनगरात भूपेशचं गॅरेज. माणूस सिंधी, जीभ तीन भाषांची. त्याने गाडीखाली झोपून चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा क्रॉस बदलला. थरथर तशीच. इंजिनाखालची रबरी माउंटिंग बदलली, स्प्रिंगचे पाटे उतरवून पुन्हा चढवले, चारी चाकं बॅलन्स केली. थरथर तशीच. स्वतः चालवून बघायला गेला तो सगळ्या रस्त्याला मान डोलावत परत आला आणि म्हणाला, "काका, गाडी में कुछ नहीं है. उसकी आदत है." तरी हट्टाने त्याने अजून दोन दिवस ठेवून घेतली. काय केलं ते त्यालाही नीट सांगता आलं नाही, पण वर-खाली थरथर गेली, हे खरं.

गाडी आणायला पुन्हा आम्ही चौघं गेलो. हिंदुराव खूश. अंबरनाथ मागे पडलं, काटा पन्नाशीपलीकडे गेला, आणि गाडीच्या अंगात आलं. या वेळी मात्र आडवं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

हिंदुरावाने ठरल्याप्रमाणे विचारलं, "आता सांग. करायचं ना महेंद्राशी?"

पोरीची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. आईचीही तशीच. मागे माझीही. आरशात बघितलं असतं तर हिंदुरावाला स्वतःचीही दिसली असती.

"ती 'ना' नाय बोलत," तो म्हणाला. "गाडी हालतेय."

एवढ्यात पुढे एक टेम्पो आडवा झाला, सगळा रस्ता तुंबला. गाडी थांबली. थांबली की गरीब गाय. आत इतकं शांत झालं की मला कौसाबाईच्या बांगड्या स्थिर झाल्याचंही कळलं.

"मंग त्या दिशी कोन हाललं व्हतं?" कौसाबाई म्हणाली.

हिंदुरावाने समोरच्या टेम्पोला हॉर्न मारला.

संजीवनी म्हणाली, "बाबा, गाडी उभी आहे. मी बोलून सांगते. मला नको आहे."

शब्दात कंप नव्हता. रक्त काढताना ती 'मूठ उघडा' म्हणायची, तितक्याच सरळ आवाजात बोलली. मी मागे बसून ऐकलं, म्हणजे त्याने शेजारी बसून ऐकलंच असणार.

"पत्रिका छापायला गेल्या," हिंदुराव म्हणाला. "मी शब्द दिलाय. लोक काय म्हणतील, बापाला पोरीची मान कळत नाय?"

टेम्पो हलला. मागून हॉर्न वाजायला लागले. त्याने गिअर टाकला, आणि मग घरापर्यंत आम्ही चौघंही 'नाही, नाही' करत आलो.

लग्न अंबरनाथच्या हॉलमध्ये झालं. रुखवताच्या वस्तू पिकअपमधून गेल्या. आडव्या थरथरीने करंज्यांतलं सारण सगळं एका कडेला सरकलं होतं, म्हणजे अर्धी करंजी गोड आणि अर्धी नुसतं पीठ. वऱ्हाडातल्या बायका त्यावर बरंच बोलल्या. नवरीबद्दल कोणी काही बोललं नाही. लॅबमध्ये आता दुसरी पोरगी आहे, ती दोन-तीनदा टोचते.

दिवाळीनंतर संजीवनी चार दिवस राहायला आली. जेवताना हिंदुराव तिच्याकडे बघत होता. बाप आहे, जीव तर होताच. भाकरीचा तुकडा हातात धरून त्याने विचारलं, "बाय, सुखात हायस ना?"

तिने भाताचा घास पुरा खाल्ला, पाणी प्यायली.

"घरात नको, बाबा," ती म्हणाली. "गाडीत बसून विचारा."

कौसाबाई वाढायला उठली ती उभीच राहिली. हिंदुरावाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

जायच्या दिवशी त्याने सकाळपासून पिकअप धुऊन दारात लावली होती. संजीवनी पिशवी घेऊन बाहेर आली, आईच्या पाया पडली, माझ्याही पडली. मग गाडीच्या बाजूने वळसा घालून नाक्यावर गेली आणि शेअर रिक्षात तिसरी सीट मिळाली तीत बसली. हिंदुराव चावी हातात घेऊन दारात उभा होता. रिक्षावाल्याने सुट्टे आहेत का असं विचारलं असावं. तिने मान हलवली. कशी, ते एवढ्या लांबून मला काही दिसलं नाही.