दुखणं ओढून घेणारा मासा

दादांच्या दिवाणखान्यात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंजी भरली, उरलेले लोक चपलांच्या ढिगाऱ्यात उभे राहिले. सगळ्यांच्या माना भिंतीलगतच्या मोठ्या फिश टँककडे वळलेल्या. निळ्या उजेडात पोवळी, झुलणारी समुद्रफुलं आणि त्यांच्यात लपाछपी खेळणारे बोटाएवढे केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे. दुकानात याला क्लाउनफिश म्हणतात. इथे त्याला 'तारक' म्हणायचं, आणि म्हणताना आवाज खाली आणायचा.

पुढे एक वकीलसाहेब पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी धरून उभे होते. पिशवीतल्या माशाचे पट्टे पांढरेच होते, पण केशरी अंग कोळशासारखं काळं पडलं होतं.

"नेला तेव्हा कसा होता?" दादांनी विचारलं.

"केशरी. या समोरच्यांसारखाच."

"आणि पाठदुखी?"

"पळाली," वकीलसाहेब म्हणाले. कोर्टात त्यांनी इतकं थोडक्यात उत्तर कधी दिलं नसेल.

दादांनी पिशवी दोन्ही हातांनी उंच धरली. "सात समुद्रांपलीकडे एक खडक आहे. तिथे माणसाची सावलीसुद्धा पडलेली नाही. तिथून हा येतो. याला माणसाचा हात लागलेला नाही, म्हणून माणसाचं दुखणं याला चटकन कळतं. घरात ठेवा, रोज याच्याशी दोन शब्द बोला. दुखणं हा स्वतःच्या अंगावर ओढून घेईल. आधी पर काळवंडतील, मग पाठ, मग सगळं अंग. पूर्ण काळा झाला की मात्र लगेच मला परत आणून द्या. आत साठलेलं दुखणं उलटायला वेळ लागत नाही."

सात समुद्र ओलांडून आलेल्या माशाला वकिलांचा मणका नेमका कसा सापडला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दादांना स्वतःला जन्माचा दमा. पहिला तारक काळा झाल्यापासून आपण पंपाला हातही लावलेला नाही, असं सांगून ते छाती फुगवून एक लांब श्वास घेऊन दाखवत. तो श्वास पाहून लोकांना गहिवरून येई.

तरी मागून एकाने शंका काढलीच. "मासा रंगवलेला नसेल कशावरून?"

दादा हसले आणि त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या बहिणीकडे बोट दाखवलं. "हिला विचारा."

तिचं चष्म्याचं दुकान होतं. सगळे तिला चष्मेवाली म्हणत. ठिपक्यांची चित्रं दाखवून लोकांची रंगांची नजर तपासणं हा तिचा रोजचा उद्योग. ती पुढे आली. "मी रंगांच्या पट्ट्या काचेला लावून पाहिलंय. केशरी, तांबूस, तपकिरी, काळा, अशी छटेमागून छटा बदलत जाते. आतून येणारा रंग आहे. असा कुणी देऊ शकत नाही."

चष्मेवालीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्याही घरी मासा होता, तिच्या मुलीसाठी, छोटीसाठी. छोटी सहावीत होती आणि तिला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून त्या थांबल्या होत्या, पण गोळ्यांनी पोर वर्गात पेंगायची, आणि ते आईला बघवायचं नाही. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. अडीनडीला दादाच. लोकांचे ते दादा, हिचा तो दादा, आणि त्याची ही बेबी. वडील गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं, त्यानेच दुकान थाटून दिलं. म्हणून तिचा मासा पूर्ण काळा झाला आणि दादा भर बैठकीत म्हणाला, "संपलं. आता छोटीच्या गोळ्या सोड," तेव्हा तिने त्या सोडल्या. डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा नाही. सख्ख्या भावाहून डॉक्टर का जवळचे असतात, असं तिला वाटलं.

थोड्याच दिवसांत छोटीला शाळेच्या जिन्यात फिट आली. पुढचा दात तुटला, हनुवटीला टाके पडले, आणि ती शुद्धीवर आली ती थेट दवाखान्यात.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी."

"अशा एकदम? अहो, या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट उसळून येऊ शकते. जिन्याऐवजी रस्ता असता तर?"

संध्याकाळी दादा आला. छोटीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "घरात कुणाच्या तरी मनात शंका शिरली असणार. माशाने अर्धंच ओढलं."

छोटीचे ओठ सुजले होते, तरी तिने विचारलं, "मामा, अर्धंच ओढलं तर मासा अर्धाच काळा व्हायला हवा ना? आपला तर पूर्ण झालाय."

"झोप बाळा," मामा म्हणाला. चष्मेवालीने त्या वेळी लेकीवरच डोळे वटारले. शंका कुणाच्या मनात शिरली ते आता कळलं, असं तिला वाटलं.

छोटी घरी आल्यानंतर एका दुपारी वहिनीचा फोन आला. "लाइट गेलेत गं. हे बाहेरगावी. हवेचे पंप बंद पडलेत, मासे गुदमरतील. एकटीला उरकत नाही, ये लवकर."

दादाच्या घरी मागच्या बाजूला एक बंद खोली होती. बैठकीत तिला 'समुद्राची खोली' म्हणत. तिथे दादाशिवाय कुणी जायचं नाही, सख्ख्या बहिणीनेसुद्धा. आज दार सताड उघडं होतं आणि वहिनी पदर खोचून, बॅटरीवरचे पंप घेऊन टबाटबांतून धावत होती.

समुद्र कसला, नुसती ओल आलेली खोली. मिठाचं पोतं, हिरव्या पाण्याचे कॅन, रबरी नळ्यांचं जंजाळ. पहिल्या टबात दोन गलेलठ्ठ मासे होते, दोन्ही काळेकुट्ट. मध्ये झाडाची मातीची कुंडी पालथी घातलेली, आणि कुंडीला बारीक केशरी अंडी चिकटलेली. धाकटा मासा परांनी त्या अंड्यांना वारा घालत होता.

"जपून हं," वहिनी म्हणाली. "ती थोरली मादी चावते. सगळी पिल्लं यांचीच."

चष्मेवालीने पुढच्या टबात पाहिलं. नखाएवढी केशरी पिल्लं. त्यापुढच्यात जरा मोठी, परांच्या कडा धुरकटलेल्या. मग तांबूस, मग तपकिरी पाठीची, आणि शेवटच्या टबात कोळशासारखी. काचेला लावलेल्या तिच्या रंगांच्या पट्ट्याच जणू ओळीने पोहत होत्या. एकाही टबाजवळ कुणी आजारी माणूस नव्हता.

"वहिनी, आईबाप काळे आणि पिल्लं केशरी?"

"ही जातच तशी. लहानपणी केशरी, वाढली की काळी. मूळची लांबच्या समुद्रातली म्हणे, पण हे सगळे या कुंडीवरच जन्मलेले. जुनं दुखणं घेऊन कुणी आलं की त्याला लहान मासा द्यायचा, सर्दी-पडसं असलं की मोठा, काळा पडायच्या बेतात आलेला. परत आलेले काळे बाहेरगावच्या शौकिनांना जातात. त्यांना काळेच आवडतात." वहिनी पंप सोडता सोडता बोलत होती. "पण तुला काय सांगायचं? तुला तर सगळं माहीत आहे."

"मला? कुणी सांगितलं?"

वहिनीचा हात थांबला. "तूच पट्ट्या लावून लोकांना सांगतेस ना? हे म्हणाले, बेबी आपल्यातलीच आहे." मग तिचं तोंड उतरलं. "म्हणजे छोटीच्या गोळ्या तू खरंच बंद केल्या होत्यास? मला वाटलं, तसं फक्त लोकांना सांगायचं होतं."

चष्मेवालीने भिंतीवरच्या फळीकडे तोंड फिरवलं. फळीवर माशांच्या खाद्याच्या डब्याशेजारी दादाचा दम्याचा पंप होता, रोजच्या वापराने घासलेला. तिला रडू आलं नाही. अंगाची नुसती आग आग झाली.

संध्याकाळी दादा परतला तेव्हा ती तिथेच बसली होती. उघडं दार पाहून त्याला सगळं कळलं.

"बेबी, ऐकून घे. लोकांना बरं वाटतं. निम्मी दुखणी आपली आपणच जातात. मी कुणाला विष देतोय का?"

"छोटीला काय दिलंस?"

"मला वाटलं, वयाबरोबर तिचं थांबलं असेल."

"तू डॉक्टर आहेस?"

तो म्हणाला, "तूच तर भर बैठकीत काळा मासा आणलास आणि विचारलंस, गोळ्या चालू ठेवू का. एवढ्या लोकांसमोर मी काय सांगायचं होतं? चालू ठेव म्हणालो असतो तर सगळंच बसलं असतं."

"लोक गेल्यावर सांगायचं होतंस. फोन करायचा होतास. दुसऱ्या दिवशी दुकानात यायचं होतंस. आता रविवारी मीच सगळ्यांना सांगणार आहे."

ज्याच्या शब्दाखातर तिने डॉक्टरला विचारलं नाही, त्याने आपला शब्द राखायला तिची पोर पणाला लावली होती. परक्याने फसवलं असतं तर तिने चार शिव्या देऊन मन मोकळं केलं असतं. इथे शिवी द्यायची म्हटली तरी ती आपल्याच घराला लागत होती.

पुढच्या रविवारी लोक दिवाणखान्यात जमले तेव्हा सुरुवात दादांनी केली नाही. नणंद-भावजयींनी एकेक टब उचलून आणला आणि जमिनीवर ओळीने मांडला. एका टोकाला अंड्यांची कुंडी आणि काळं जोडपं, दुसऱ्या टोकाला कालपरवाच काळे झालेले मासे. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते.

"हे यांचे आईबाप," चष्मेवाली म्हणाली. "ही त्यांची पिल्लं. ही जरा मोठी, ही त्याहून मोठी. यांनी कुणाचंही दुखणं ओढलेलं नाही, हे कुणाच्या घरी गेलेलेच नाहीत. मासा काळा झाला याचा अर्थ मासा मोठा झाला. बास, एवढंच."

वकीलसाहेब उसळले. "तुम्हीच आम्हाला छातीठोकपणे सांगितलंत की रंग खरा आहे."

"रंग खराच आहे. रंगवलाय का, एवढंच मी तपासलं. मासा आपला आपण काळा होतो का, ते बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. एखादा मासा निरोगी माणसाच्या घरी ठेवून पाहिला असता तरी कळलं असतं."

"पण माझी पाठ?"

"बरी झाली, चांगलं झालं. पाठी बऱ्या होतात. माझी मुलगी झाली नाही. मी तिच्या गोळ्या बंद केल्या आणि ती जिन्यात पडली."

खोलीत चुळबूळ झाली. दोघे-तिघे उठून गेले, जाताना चष्मेवालीकडेच रागाने बघत. मग सतरंजीवरून एक वयस्कर बाई उठल्या आणि चष्मेवालीला वळसा घालून थेट दादांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, मी तुमचं ऐकून रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात. आता काय करू, तेवढं तुम्हीच सांगा."

दादांनी बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. कुणीच मदतीला आलं नाही. "डॉक्टरांकडे जा," ते म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "आजच जा. गोळ्या सोडायला नको होत्या."

इतकं सोपं होतं ते. एका अनोळखी बाईला त्याने चारचौघांत सांगितलं, आणि सख्ख्या बहिणीला बंद दाराआडही सांगितलं नव्हतं. चष्मेवालीच्या डोळ्यांना आता कुठे पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, तशीच लोकांकडे वळली.

"ऐकलंत ना? ज्यांनी ज्यांनी औषधं सोडलीत, त्यांनी आजच डॉक्टर गाठा. आणि उद्या तुम्हाला कुणी काही अद्भुत दाखवलं, तो बाबा असो, बुवा असो की तुमचा सख्खा भाऊ असो, तर त्याला एवढंच विचारा: हे तू नसतास तरी झालं असतं का? उत्तर मिळेपर्यंत गोळी चुकवू नका."