मळकं पांघरूण

आमच्या लॉन्ड्रीचा एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. उंबऱ्याच्या आत आलेली कुठलीही वस्तू मळकी राहायची नाही. गिऱ्हाइकाचा शर्ट असो, पाहुण्याचा कोट असो, दुकानातून आणलेली कोरी चादर असो, आधी पाणी, मग बाकीचं बोलणं. माझं शिक्षण चौथीत आटोपलं, पण या नियमावर मी हे घर चालवलं. खाली मशीनं, वर आम्ही राहतो, मध्ये एक लाकडी जिना.

त्या उंबऱ्यावरून धाकटीने तो कुत्रा आत आणला तेव्हा मी खिडकीशी उभी राहून इस्त्री करत होते. धाकटी म्हणजे माझी मुलगी. बस डेपोत तिकीट खिडकीवर बसते आणि सुट्टीच्या दिवशी शेल्टरमध्ये जाऊन कुत्र्यांना आंघोळी घालते. घरी मशीनमध्ये चार कपडे टाक म्हटलं की मात्र तिची कंबर धरते.

“हे काय आणलंस?”

“कुत्रा आहे, आई.”

“ते मलाही दिसतंय. कुठल्या जातीचा?”

ती पुटपुटली. मी इस्त्री उभी ठेवली आणि परत विचारलं, तेव्हा म्हणाली, “पिटबुल.”

रंग ओल्या विटेचा. डोकं ठोकळ्यासारखं, छाती पिंपासारखी, कान मुळापासून कापलेले. नाकापासून गळ्यापर्यंत पांढरे व्रण, उसवलेल्या शिवणीवर कोणी घाईघाईने टाके मारावेत तसे. तोंडाला मुसकं. धाकटीच्या काखेत एक काळंकुट्ट पांघरूण होतं, त्याच्या वासाने माझं डोकं उठलं. कुत्रा भुंकला नाही, शेपूट हलवली नाही. घड्या घालायच्या टेबलाखाली धाकटीने ते पांघरूण टाकलं, तो त्यावर जाऊन बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. भुंकणाऱ्या कुत्र्याचं काय ते कळतं तरी.

मागोमाग शेल्टरवाली बाई आली. रुंद हाडाची, कमी बोलणारी. म्हणाली, “याला झुंजीसाठी पाळलेला होता. आम्ही सोडवून आणला. माणसाला चावल्याचं आमच्या माहितीत नाही.”

“तुमच्या माहितीत किती आहे?”

“फार नाही,” ती म्हणाली. तिने खोटं सांगितलं असतं तर मी तिथंच हाकलली असती. “पंधरा दिवस ठेवून बघा. याआधी एका घरातून परत आलाय. तुमच्याकडूनही आला तर आमच्याकडे जागा नाही. डॉक्टर इंजेक्शन देतील. त्याला दुखणार नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घर माझं, तेव्हा हो की नाही तेही माझंच. आणि वरच्या खोलीत माझी नात झोपलेली होती. आम्ही तिला ढमी म्हणतो. तीन वर्षांची, सगळ्या अंगाने गोल, आणि जे चालतं, सरपटतं, रांगतं त्याच्या गळ्यात पडायची सवय. मी पंधरा दिवस कबूल केले. का केले ते मला विचारू नका. मेलेल्या जनावराचा हिशेब माझ्या नावावर नको होता एवढंच.

थोरल्याने, म्हणजे माझ्या मुलाने, जिन्याला फळ्यांचं दार ठोकलं. मग त्याने माझं इस्त्रीचं टेबल फिरवलं. “आई, भिंतीला पाठ करून उभी राहत जा. याच्याकडे पाठ नको.” म्हणजे जन्मभर मी रस्ता बघत इस्त्री केली, आता कुत्रा बघत करायची.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचा बेकरीवाला उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून म्हणाला, “मावशी, या जातीचा जबडा एकदा मिटला की उघडत नाही म्हणे. कुलूपच लागतं.”

“कुलूप तुमच्या भट्टीला लागतं, रोज दुपारी दोनला,” धाकटी म्हणाली.

“हसा. कुठल्याशा घरात असलाच एक सहा वर्षं गुण्यागोविंदाने राहिला आणि सातव्या वर्षी म्हातारीचा हात काढला. म्हातारीच भरवायची त्याला.”

म्हातारी म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. लॉजवाल्याने तर माणूस पाठवून विचारलं, चादरींना कुत्र्याचे केस लागत नाहीत ना. चार शहाण्या बायका गठ्ठे रस्त्यावरूनच आत फेकायला लागल्या. मी त्यांना हसले असते, पण रोज सकाळी जिना उतरताना आधी माझी नजर टेबलाखाली जायची, आणि तो जागा असायचा. कितीही लवकर उतरा, तो जागाच. मी सरकले की त्याचे डोळे सरकायचे. जेवण द्यायला धाकटी मुसकं काढायची तेव्हा मी हातात ओले कपडे ढवळायचा जाडा दांडका घेऊन उभी राहायची.

“आई, दांडका बघूनच तो जेवत नाही.”

“मग उपाशी राहू दे. मी दांडका ठेवत नाही.”

ढमीने त्याचं नाव ठोकळ्या ठेवलं. जिन्याच्या दाराला लोंबकळून हाका मारायची. तो मान वर करून ऐकायचा आणि मी इस्त्री उभी ठेवायची. सून तिला उचलून वर न्यायची. सून तशी बोलकी नाही. पण त्या दिवसांत तिने माझ्याशी नुसतं हूं आणि बरं एवढंच ठेवलं होतं.

आता हे पांघरूण. आठ दिवस मी त्या टेबलाजवळून गेले की नाक दाबायची. वर माझ्या पांढऱ्याशुभ्र चादरींच्या घड्या आणि खाली तो उकिरडा. एका सकाळी थोरला कुत्र्याला फिरवायला घेऊन गेला, तेवढ्यात मी पांघरूण चिमट्याने उचललं. सोड्यात उकळलं, ब्लीचमध्ये घातलं, पुन्हा उकळलं. निघालेलं पाणी डांबरासारखं होतं. ड्रायरमधून काढलं तर आतून निळा चौकडा निघाला. मी त्याला इस्त्रीसुद्धा केली आणि घडी घालून जागेवर ठेवलं.

कुत्रा परत आला. घडीला नाक लावलं आणि मागे सरकला. पुन्हा वास घेतला. टेबलाभोवती फिरला, हौदापाशी गेला, मशीनच्या झाकणाला नाक लावून उभा राहिला. त्या दिवसापासून तो बसेना. साखळी पुरेल तेवढं गोल गोल फिरायचा आणि नखांचा टकटक आवाज मशीनांच्या आवाजातूनसुद्धा माझ्या कानात शिरायचा.

“बदललाय हा,” सून म्हणाली. आठ दिवसांतलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य.

दुसऱ्या दिवशी त्याने लॉजवाल्याच्या मळक्या चादरींचं गाठोडं फाडलं. मुसकं कुठंतरी घासून काढलं होतं. आम्ही उतरलो तर खोलीभर चिंध्या आणि तो मधोमध उभा, धापा टाकत, जबड्यात कापडाची पट्टी. थोरल्याने साखळी ओढली तेव्हा त्याने दात दाखवले. मी ते दात बघितले. तेव्हापासून डोळे मिटले की तेच दिसायचे.

सून जिन्यावरूनच म्हणाली, “आई, आज चादर आहे. हा राहणार असेल तर मी ढमीला घेऊन माहेरी जाते. आणि परत कधी येईन ते मला विचारू नका.”

ती बोलते ते करते. मीच निवडून आणलेली आहे. मी थोरल्याला सांगितलं, “उद्या त्या बाईला बोलाव. घेऊन जाऊ दे.” धाकटी ताटावरून उठली. तशीच कामाला गेली.

दुपारी थोरला पोचवायचे गठ्ठे घेऊन बाहेर पडला. सून ढमीला निजवायला वर गेली. मी दोन्ही ड्रायर लावले होते. ते चालू असले की खाली कोणी जीव तोडून ओरडलं तरी ऐकू येत नाही. मी ओल्या चादरी झटकत होते आणि सवयीने त्याला बांधायच्या खांबाकडे बघितलं. साखळी होती, साखळीला पट्टा होता, शेजारी मुसकं पडलं होतं. पट्ट्यात कुत्रा नव्हता.

जिन्याचं दार उघडं होतं.

मी दांडका उचलला. मी टेबलाखाली बघितलं, हौदामागे बघितलं. मळक्या कपड्यांचा ढीग आम्ही मागच्या कोपऱ्यात घालतो, माझ्या छातीएवढा असतो. त्या ढिगाच्या मागून पाठीचा विटकरी रंग दिसला. मी वळसा घालून गेले. तो आडवा पडला होता. त्याच्या पुढच्या पायांमध्ये, जबड्याखाली, ढमीचा पिवळा फ्रॉक होता. सकाळी मीच तिच्या अंगात घातलेला.

“ढमे,” मी हाक मारली. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ढीग हलला असं वाटलं. त्या ढिगाखाली काय आहे ते बघायला हात पुढे करावा तर त्याचं तोंड तिथंच, हाताच्या अंतरावर. बेकरीवाल्याचं कुलूप मला आठवलं. मी कुठल्या देवाला काय बोलले ते आता आठवत नाही. मागे मागे सरकत गेले आणि ड्रायरचं बटण बंद केलं. मग दुसऱ्याचं.

एवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत वरून ढमीचा आवाज आला. पाणी मागत होती.

सून तिला कडेवर घेऊन दारात आली. ढमीच्या अंगात नुसता पेटीकोट. सुनेने माझा चेहरा बघितला, खालचा फ्रॉक बघितला आणि भिंतीला टेकली. “दूध सांडलं होतं,” ती हळूच म्हणाली. “मघाशीच काढून ढिगात टाकला मी. वर जाताना दार माझ्याकडूनच उघडं राहिलं.”

कुत्रा हलला नव्हता. त्याच्या अंगाखाली मला माझं जुनं एप्रन दिसलं, धाकटीचे मोजे, थोरल्याची बनियन, ढमीच्या उशीची खोळ. लॉजवाल्याचं त्यात काही नव्हतं, बेकरीचं नव्हतं. धुतलेल्या घड्या चार पावलांवर होत्या, त्यातली एकही हललेली नव्हती. सगळं मळकं आणि सगळं आमचं. ते गोळा करून तो त्यावर पडला होता आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याचे डोळे मिटलेले होते.

संध्याकाळी धाकटी कामावरून आली. तिने टेबलाखालची निळी चौकडी घडी उचलली आणि नाकाला लावली.

“आई, तू याचं पांघरूण धुतलंस?”

“धुतलं. लॉन्ड्री आहे ही.”

“कशात?”

“सोड्यात. आणि ब्लीचमध्ये. दोनदा. काय म्हणायचंय तुला?”

तिला काही म्हणायचंच होतं, पण सून मध्ये बोलली. “माझ्या आईची शाल पण तुम्ही, मी या घरात आले त्या पहिल्याच दिवशी धुतलीत.”

“डाग होता तिच्यावर.”

“डाग असेल. मी ती उशाशी घ्यायला आणली होती, आई. तुम्ही मला परत दिलीत तेव्हा तिला साबणाचा वास होता. मी आठवडाभर नीट झोपले नाही.” ती माझ्याकडे बघत नव्हती, ढिगाकडे बघत होती. “मी फक्त गाठोडी फाडली नाहीत.”

मी स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी शेल्टरवाली बाई आली. गाडीचं मागचं दार उघडंच ठेवून आली होती, त्यावरून मला कळलं, तिला सगळं ठाऊक आहे. कुत्रा टेबलाखाली होता, पट्टा नवा, घट्ट. खाली माझं एप्रन. ते कोणी काढून घेतलं नव्हतं आणि मीही काढलं नव्हतं. सून ढमीला घेऊन जिन्याच्या दारामागे उभी राहिली. बॅग भरलेली होती, पायरीवर ठेवली होती.

बाई वाकली. पट्टा बघायला असेल, तिने हात घातला आणि एप्रनचं टोक बाजूला सारलं. तेव्हा तो गुरगुरला. आल्यापासून पहिल्यांदा. जुन्या मशीनचा पट्टा तुटायच्या आधी जमिनीतून येतो तसला आवाज, तो माझ्या तळपायांतून वर चढला. बाईचा हात तिथंच थांबला. सुनेने ढमीचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. थोरल्याने साखळीला हात घातला. आणि सगळे पुन्हा माझ्याकडे.

मला भीती वाटली नाही असं मी सांगणार नाही. पण मी इस्त्रीच्या टेबलामागून बाहेर आले आणि त्याच्यासमोर उभी राहिले, दांडक्याशिवाय.

“बाई, हात काढा,” मी म्हणाले. “त्याचं आहे ते.”

तिने सावकाश हात काढला. गुरगुर थांबली. त्याने एप्रन नाकाने परत ओढून घेतलं आणि हनुवटी त्यावर टेकवली.

“मग नेऊ का?” बाईने विचारलं.

मी सुनेकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी कुठल्या गोष्टीत तिच्याकडे बघितलं नव्हतं. तिने पायरीवरची बॅग उचलून एक पायरी वर ठेवली. उघडली नाही. म्हणाली, “साखळी राहील, मुसकं राहील. हे दार मी स्वतः लावीन. आणि ते एप्रन कोणी धुवायचं नाही.”

माझ्या लॉन्ड्रीत, मला.

“ऐकलंत ना,” मी बाईला म्हणाले. “गाडीचं दार लावून घ्या, धूळ जाते आत.”

लॉजवाल्याने चादरी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. बेकरीवाला अजून उंबऱ्याबाहेरूनच बोलतो आणि सातव्या वर्षाची आठवण करून देतो. मी त्याला उडवून लावते, आणि दुपारी ड्रायर लावायच्या आधी जिन्याचं दार दोनदा ओढून बघते. बॅग अजून पायरीवरच आहे. तिच्यावरची धूळ मी पुसते, ती हलवत नाही.

परवा थोरला म्हणाला, “आई, टेबल परत खिडकीकडे फिरवू का? उजेड येईल.”

“राहू दे.”

“अजून भीती वाटते?”

“वाटते. तू तुझं काम कर.”

मी इस्त्री करते आणि एक डोळा घड्यांच्या टेबलाखाली ठेवते. तोही झोपेत एक डोळा किलकिला करून माझ्या हातांकडे बघत असतो, आज ही काय धुवायला उचलते म्हणून.