नाव सांगून आत यावे

आमच्या हॉलमध्ये माणसं येतात. चपलांच्या कपाटापाशी निळे कोट घातलेले चार जण उभे राहतात आणि टीव्हीच्या बाजूला एक बाई, कमरेवर पितळी घागर घेऊन. बोलत कुणीच नाही. बसा म्हटलं तर बसत नाहीत. मला नेरूळला येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण इतके मुखदुर्बळ पाहुणे मी पाहिले नाहीत.

पहिले तीन महिने मी घरात कुणाला काही बोलले नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई म्हणाली की हॉलमध्ये माणसं उभी आहेत, की पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. आधी गॅसला हात लावू देत नाहीत, मग कपाटाच्या चाव्या काढून घेतात. पण एक दिवस मी निळ्या कोटवाल्याला वळसा घालून स्वयंपाकघरात गेले आणि ते नेमकं सुनेनं पाहिलं. प्राचीची नजर घारीची. "आई, मोकळ्या जागेला वळसा का घातलात?" मग सांगावंच लागलं.

सुयश, माझा मुलगा, कंप्युटरवाला. त्याने संध्याकाळपर्यंत तक्ता तयार केला. भास किती प्रकारचे आणि कशाकशाने होतात. दिसण्याचे, ऐकू येण्याचे, वासाचे, चवीचे, अंगावर काहीतरी चालल्याचे. शेजारी कारणं: रक्तातलं मीठ कमी होणं, लघवीतलं इन्फेक्शन, फिट्स, कंपवात, मेंदूतली गाठ, गोळ्यांचा परिणाम, स्मृतिभ्रंश. त्याने सगळं मला वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस." मेल्याने एवढी यादी वाचली, त्यात टेन्शन घेऊ नये असं एकही नव्हतं.

मग महिनाभर माझी वरात. रक्त दिलं, लघवी दिली, त्या भोंग्यासारखं वाजणाऱ्या मशीनमध्ये अर्धा तास पडून आले. मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, जळका वास येतो का? म्हटलं, सून पोळ्या करते तेव्हा येतो. अंगावर मुंग्या चालल्यासारखं होतं का? नाही. दारू नुकतीच सोडली आहे का? म्हटलं, धरलीच नाही तर सोडू कुठून. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. सुयशचं तोंड उतरलं. तक्त्यातलं एकही लागू पडलं नाही.

शेवटी उत्तर निघालं ते माझ्या जुन्याच डोळ्याच्या डॉक्टरांकडे, वाशीला. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोर माणूस उभा असला तर चेहऱ्याच्या जागी करडा डाग दिसतो. कडेचं मात्र नीट दिसतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, डोळा चित्रं पाठवेनासा झाला की मेंदू स्वतःच काढत बसतो. चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात याला. तुमचं डोकं ठणठणीत आहे."

"हे सुनेसमोर परत सांगा," मी म्हटलं. त्यांनी सांगितलं.

मग नियम दिले. ही माणसं बोलत नाहीत. दिसली की दोनदा डोळे मिटून उघडायचे आणि नजर डावीकडून उजवीकडे फिरवायची, बहुतेक वेळा जातात. गेली की समजायचं, भास होता. आणि कधी आवाज ऐकू यायला लागले, तर तो निराळा आजार, ताबडतोब कळवायचं.

"ओळखीचं कुणी येतं का?" मी विचारलं.

"सहसा नाही. का हो?"

"सहज," मी म्हटलं. सहज बिहज काही नव्हतं. मला माझा भाऊ आठवला होता.

अरविंद माझ्याहून चार वर्षांनी लहान. राहतो जुईनगरला, म्हणजे एक स्टेशन. आमचा अबोला अकरा वर्षांचा. ह्यांचं डोकं त्या दिवशी सकाळपासून दुखत होतं. मी बाम चोळला आणि पडून राहा म्हटलं. संध्याकाळी वाचा गेली तेव्हा हॉस्पिटलात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी हे गेले. तिथे व्हरांड्यात सगळ्यांसमोर अरविंद म्हणाला, "ताई, सकाळीच आणायला हवं होतं." मी त्याला म्हटलं, "मी आपणहून बोलेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही."

आणि तो बोलला नाही. असा आज्ञाधारक भाऊ कुणाला मिळू नये. दर भाऊबीजेला येतो, पाटावर बसतो, मी ओवाळते, तो ओवाळणी टाकतो. मी सुयशला म्हणते, "मामाला विचार, चहात साखर चालते का." तो सुयशला म्हणतो, "आईला सांग, अर्धा चमचा." मध्ये दोन हातांचं अंतर. आता माझे डोळे असे गेले, की गेल्या दिवाळीला ओवाळताना समोर करडा डागच होता. अरविंदचा माझ्याशी शब्द नाही, आता चेहराही नाही. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. पण आधी बोलायचं कुणी? मीच. आणि मला ते जमत नव्हतं.

घरी मात्र डॉक्टरांच्या नियमांची अंमलबजावणी कडक झाली. सुयशने दारावर कागद लावला: "आईला नीट दिसत नाही. मोठ्याने नाव सांगून आत यावे." तेव्हापासून आमच्या घरात कामवाली शिरते ती "केशरबाई आली" अशी आरोळी ठोकत. वॉचमन "देवजी, कुरिअर" म्हणतो. जो बोलतो तो खरा, जो बोलत नाही तो नाही. इतकं सोपं आयुष्य मला आधी कधी नव्हतं.

परवा बुधवारी दुपारी तीनला केशरबाई कचरा टाकायला खाली गेली, दार उघडं ठेवून. मी सोफ्यावर होते. कडेच्या नजरेला दिसलं, दारातून एक म्हातारा आला आणि खुर्चीवर बसला. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. नाव सांगितलं नाही. बसताना एक पाय मुडपून अंगाखाली घेतला. खुर्चीवर असं आमच्या घराण्यात एकच माणूस बसतो.

म्हटलं, चला, मेंदूने एकदाचं कामाचं काहीतरी काढलं.

डोळे मिटले, उघडले. नजर इकडून तिकडे फिरवली. निळे कोटवाले गेले, घागरवाली गेली. हा बसलेलाच. भाससुद्धा मूळ माणसासारखाच हट्टी.

नसलेल्या माणसाशी बोलायला काही लाज लागत नाही. मी सुरुवात केली.

"आलास? अकरा वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलास. बहीण रागाने काही बोलली तर माणूस चार दिवसांनी येऊन भांडतो. तू ओवाळून घेऊन निघून जातोस. लहानपणी खोटं बोललास की उजवा कान खाजवायचास. आई भाकऱ्या थापत पाठमोरीच विचारायची, आणि मी कान बघून तुझी चोरी सांगायचे. त्या दिवशी व्हरांड्यातही मी तुझ्या कानाकडे पाहिलं होतं. तू खाजवला नाहीस. तू खरं बोलत होतास, म्हणून तुझं तोंड बंद केलं मी. सकाळी न्यायलाच हवं होतं. मी बाम चोळत बसले. हे मी सुयशलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि मला तुझी आठवण येते रे, मेल्या. एका स्टेशनावर राहतोस. काय बोलायचं असेल ते बोल आता."

मग खुर्चीतून आवाज आला.

"ताई, पाणी दे."

आवाज यायला लागले की निराळा आजार. मी फोनचं मोठं बटण दाबून सुयशला ऑफिसात फोन लावला. "डॉक्टरांना कळव. भास बोलायला लागला."

"काय म्हणतोय?" सुयशने विचारलं.

"पाणी मागतोय."

"कोण आहे?"

"तुझा मामा."

तो म्हणाला, "आई, मामाला मीच बोलावलंय. तुला सांगितलं असतं तर तू बेडरूमचं दार लावून बसली असतीस."

मी फोन ठेवला. तोंड कुठे लपवावं ते कळेना. उठले, पाणी आणलं, ग्लास पुढे केला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. खरी होती, थंड आणि खरखरीत.

"दारावर कागद आहे," मी म्हटलं.

"वाचला. नाव सांगायचं म्हणजे बोलणं आलं. पाच मिनिटं बाहेर उभा होतो."

"समोर बसलास तर तू मला दिसत नाहीस. इथे माझ्या डावीकडे बस, तोंड टीव्हीकडे कर."

तो उठून सोफ्यावर बसला. आता दिसला. केस पार गेलेत, मान बारीक झालीय. भाऊ म्हातारा झाला आणि मी ते पाहिलंच नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

ग्लास रिकामा करून तो म्हणाला, "ताई, मी दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं. सकाळी आणलं असतं तरी भावोजी राहिले नसते, म्हणाले. रक्तस्राव फार मोठा होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलू नको म्हणाली होतीस."

"सुयशकडे निरोप द्यायचास."

"ही काय निरोपाने सांगायची गोष्ट आहे? पण डॉक्टर तसंच म्हणाले होते."

हे तो म्हणत असताना त्याचा हात वर गेला आणि उजव्या कानाच्या पाळीवर नखं फिरली, दोन-तीनदा. मला कडेचं नीट दिसतं.

मी दोनदा डोळे मिटून उघडले. नजर डावीकडून उजवीकडे फिरवली. परत पाहिलं तेव्हा हात नव्हता. दोन्ही हात मांडीवर, पिशवीच्या बंदात. डॉक्टरांचा नियम आहे, जे गेलं तो भास.

"चहात साखर चालते का?" मी त्यालाच विचारलं.

"अर्धा चमचा," तो मला म्हणाला.