दवाखान्याची टोपी

पोटात कळा येत होत्या, तरी अमेरिकेतल्या मेम्फिसच्या ओडेसाबाईंनी चर्चला घालायची जांभळी टोपी चढवलीच.

"आई, दवाखान्यात चाललोय, लग्नाला नाही!" लेक वैतागली.

"साध्या कपड्यांत गेलं की गोऱ्या डॉक्टरांना काळ्या बाईचं दुखणं खोटं वाटतं, बयो."

गोऱ्या डॉक्टरने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "एवढ्या नटून आलात, म्हणजे फारसं दुखत नसणार!"

ओडेसाबाईंचा पारा चढला. "साधी आले तर सोंग, नटून आले तर दुखत नाही! मग काय शवपेटीतून येऊ?"

आरडाओरडा ऐकून दुसरी डॉक्टर आत आली. तरुण, ओडेसाबाईंसारखीच काळी. टोपी बघताच खुदकन हसली. "माझी आईपण दवाखान्यात अशीच सजून जाते. फार दुखतंय ना, मावशी?"

ओडेसाबाईंनी टोपी काढून लेकीकडे दिली. "धर गं. आता जरा मोकळेपणी कण्हते."