रोहिणीच्या छातीचा फोटो

मी रोहिणीच्या छातीचा फोटो बोलतोय. अंगावरची पोर सासूकडे देऊन ती पेणच्या दवाखान्यात थंडगार पत्र्याला छाती टेकून उभी राहिली. "श्वास घ्या. धरून ठेवा," आतला माणूस म्हणाला, आणि मी जन्मलो.

"काळाभोर, साफ फोटो आहे. नुसता खोकला," डॉक्टर म्हणाले. मला उगाचच अभिमान वाटला. रामवाडीच्या घरी तिच्या नवऱ्याने, सखाने, मला कपाटावर टाकलं.

महिन्याभरात पंच्याण्णवची दिवाळी आली, आणि दिवाळीतच सूर्यग्रहण. "साफ फोटो ठेवून करायचं काय?" म्हणत दीर नितेशने ग्रहण बघायला मला मधोमध कापलं. अंगणात झुंबड उडाली.

"वयनी, तुझ्या फुप्फुसातनं सूर्य काय झ्याक दिसतोय."

"मलापण बघू दे की."

"लेकुरवाळी हायस गो, आतच बस," सासू सीताबाईंनी दटावलं.

रोहिणी हसली. हसताना लागलेली धाप मग थांबलीच नाही.

मुंबईच्या हॉस्पिटलात नवा फोटो निघाला, पांढराफटक. "जुना टीबी वाटतोय. औषधांनी बरा होईल. आधीचा फोटो असला तर आणा, खात्री होईल," तिथले डॉक्टर म्हणाले.

घराला हायसं वाटलं. "रोह्याच्या माझ्या भावाला झालेला," सीताबाई म्हणाल्या, "आता सायकल हाणतो."

माझा एक तुकडा नितेशकडे होता, दुसरा पोरांनी कौलांवर भिरकावलेला. सखाने दोन्ही शोधले, चिकटपट्टीने जोडले आणि मला मुंबईला नेलं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी उजेडात धरलं.

"हा गेल्या महिन्यातला, आणि इतका साफ? जुना टीबी असता तर यातही दिसला असता. हा टीबी नाही." त्यांनी एक इंग्रजी नाव सांगितलं. सखाला ते पुन्हा म्हणता आलं नाही. "फार क्वचित होतं. फुप्फुसं आतून घट्ट होत जातात. याला औषध नाही."

सखा खाटेशी आला.

"टीबी नाय म्हणाले ना? मग बरंच झालं," रोहिणी म्हणाली.

"व्हय," सखा म्हणाला.

आठवड्यात ती गेली. मी कौलांवरच राहिलो असतो, तर तेवढा आठवडा तरी त्या घराने आशेवर काढला असता. खरं सांगून मी कुणाचं भलं केलं, मला अजून कळलेलं नाही.

आता मी पुन्हा कपाटावर आहे. चिकटपट्टी पिवळी पडलीय. पोर चालायला लागलीय. कधी तिला आई दाखवावीशी वाटली, तर मला खिडकीशी धरा. माझ्यात ती धडधाकट आहे, छातीभर श्वास धरून उभी. फोटो काढणाऱ्या त्या माणसाने "सोडा" म्हणण्याआधीच मी जन्मलो होतो.