पाळीची पाटी आणि क्लाइबरबाईंचा जिना

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हं, आणि दुकानावरचीही नव्हे. तळहाताएवढी, नाशपातीच्या लाकडाची, वर चामड्याची वादी ओवलेली. तापल्या सळईने डागून माझ्यावर अक्षरं काढली आहेत, 'या आठवड्याची झाडलोट'. ज्याच्या दाराच्या मुठीला मी लटकते, त्याची त्या आठवड्याची पाळी. जिना झाडायचा, पुसायचा, कठडा, खिडक्यांचे कट्टे, तळघराच्या पायऱ्या, सगळं त्याने बघायचं. आठवडा संपला की रविवारी संध्याकाळी त्यानेच मला काढून पुढच्या दाराला अडकवायचं. न बोलता, दार न वाजवता! एवढ्याशा लाकडाला केवढा मान, बघा तरी!

मला घडवलं ते श्टायमले नावाच्या सुताराने. तो पूर्वी याच घरात राहायचा. कुणाच्या तरी कपाटातून उरलेला तुकडा त्याने तासला, घासला, तेल पाजलं, लांब धरून बघितला आणि म्हणाला, "चालेल." अहाहा! तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? अहो, जर्मनीतल्या आमच्या श्वाबिया प्रांतात 'चालेल' म्हणजे तोंड फाटेस्तोवर केलेली स्तुती. त्यापुढे कुणी जात नाही. मी तर आठवडाभर हवेत होते.

तेव्हापासून मी एस्लिंगन गावाच्या चढावरच्या या घरात दारोदार फिरते आहे. तळमजल्यावर सायकली आणि तळघराचं दार. पहिल्या मजल्यावर बेकरीत काम करणारी गुल्तेन, दुसऱ्यावर पेन्शनीत निघालेले आयझले, आणि तिसऱ्यावर क्लाइबरबाई. प्रत्येक दाराचा वास मला पाठ आहे. एका उन्हाळ्यात मात्र मी वादी तुटून चपलांच्या कपाटामागे पडले आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग काय विचारता! पाळी कुणाची हेच कळेना. "तुमची!" "अहो, माझी गेल्याच आठवड्यात झाली!" पहिल्या मजल्याच्या पायरीवर सफरचंदाचा खाऊन टाकलेला गाभा वाळून खडखडीत झाला, पण उचलायला एक हात पुढे येईना. मी सापडले तेव्हा माझ्यावर बोटभर धूळ होती. फार रडू आलं होतं मला तेव्हा.

पण आज सांगायचंय ते वेगळंच. ऐका!

आमच्याकडे झाडलोट नुसती करून भागत नाही, ती ऐकू यावी लागते. शनिवारी सकाळी आयझले पत्र्याची बादली घेऊन निघाले की दर पायरीवर ती दणकन आपटायचे. खण्! खण्! खण्! जिना पुसला हे जिन्याला कळून काय उपयोग, शेजाऱ्यांना कळायला नको? मग तीन तास घासाघीस, आणि रविवारभर कंबर धरून कोचावर. गुल्तेनही तशीच करायची, फक्त रेडिओ लावून. घरापुढची फरशी मात्र आयझले कुणाला झाडूच द्यायचे नाहीत. विश्वासच नव्हता त्यांचा कुणावर.

क्लाइबरबाईंची बादली तर एके काळी सगळ्यांत मोठ्याने वाजायची. पण ऐंशी उलटली आणि गुडघ्यांनी दगा दिला. त्यांचा मुलगा एकार्ट उल्म शहरात असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस तो आला, तेव्हा माझ्या देखत, दारातच दोघांची जुंपली.

"आई, तीन जिने चढायचे, घर सांभाळायचं. वृद्धाश्रमात जागा मिळतेय. चल."

"माझ्या घराला काय धाड भरलीये? जोवर माझी पाळी मी करतेय, तोवर मी इथून हलणार नाही."

"आणि नाही झाली तर?"

"नाही झाली तर तू म्हणशील तिथे येईन. गुपचूप!"

झालं! बोलून बसल्या. आता त्यांचं घर माझ्या वादीला टांगलेलं. मला धडधडायलाच लागलं.

नोव्हेंबरात मी त्यांच्या दारावर आले. बाहेर ओली पानं, चिखल, सगळ्यांचे बूट बरबटलेले. आता बाई कशा करणार? तिथून कठड्याच्या गजांतून थेट तळापर्यंत दिसतं, म्हणून मी टक लावून बसले. आणि सोमवारी काय बघते! सगळे कामावर गेल्यावर बाई हळूच बाहेर आल्या. पायांत लोकरीच्या सपाता, हातात एकच फडकं. कठडा पुसला आणि आत गेल्या. बस्स! मंगळवारी वरच्या पायऱ्यांची एकच रांग. खाली उशी घेतली, पायरीवर चक्क बसल्या, एक पायरी खाली सरकल्या आणि मागे वळून सोडलेली पायरी झाडून, पुसून घेतली. पुन्हा सरकल्या, पुन्हा पुसली. बुधवारी दुसरी रांग, गुरुवारी तिसरी, शुक्रवारी तळघराच्या पायऱ्या. मध्ये कुणाच्या बुटाचा चिखल दिसला तर जाता येता तेवढाच टिपून घ्यायच्या. मग कठडा धरून, दोनदा थांबून, परत वर. शनिवारी मसूर शिजायला टाकले आणि श्पेट्झले नावाच्या जाड शेवयांचं पीठ घोटत मजेत गाणं गुणगुणत बसल्या. जिना कसा लखलखत होता! मी आनंदाने दारावर टकटक वाजत होते.

पण अरे देवा! आवाज कुठे झाला होता? बसून सरकताना कुणी बघेल याची बाईंना लाज, म्हणून सगळं चोरपावलांनी. आणि खाली आयझले सकाळपासून दार उघडं ठेवून कान लावून बसले होते. दहा वाजले, अकरा वाजले, बादली वाजेना. बारा वाजता त्यांनी सरळ उल्मला फोन केला.

दुपारी एकार्ट धापा टाकत आला. आयझल्यांनी त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं.

"वाईट वाटतं सांगायला, पण तुमच्या आईने जिन्याला हात लावलेला नाही. अख्खी सकाळ ऐकतोय मी!"

दार उघडलं. पिठाच्या हातांनी बाई बाहेर आल्या. "काय ऐकताय?"

"काही नाही! तेच तर सांगतोय! आणि उद्या रविवार, सुट्टीच्या दिवशी झाडलोट चालत नाही. थांबा, मीच झाडतो आणि सुपली भरून दाखवतो तुमच्या मुलाला."

मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, "अहो, झालाय! जिना झालाय! मी बघितलंय!" पण पाटीचं कोण ऐकतं?  बाईंनी हनुवटी वर केली. "झाडा, आयझले. अगदी तळापर्यंत झाडा. कोपरे सोडू नका."

आयझले तावातावाने झाडायला लागले. खर्र खर्र, खर्र खर्र. वरची रांग संपली. सुपलीत काही नाही. दुसरी संपली. काही नाही! आता त्यांनी गुडघे टेकले, गजांच्या मागे बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं. स्वच्छ! आवाज ऐकून गुल्तेन बाहेर आली.

"काय हो आयझले, काही हरवलंय का?"

"केर शोधतोय!"

"सापडत नसेल तर माझ्या घरातला देऊ थोडा?"

एकार्टला हसू फुटलं. आयझले लालबुंद होऊन वर आले. सुपलीत चेस्टनटचं एकच ओलं पान.

"हे बघा!" ते म्हणाले.

"ते तुमच्याच बुटाचं," गुल्तेन खालून ओरडली. "आत्ता फरशी झाडून आलात ना!"

आयझल्यांनी बूट वर करून बघितला. पानाचा उरलेला तुकडा तिथेच चिकटलेला! त्यांनी तो उपटून सुपलीत टाकला. मग खाकरले आणि म्हणाले, "चालेल."

चालेल! मित्रांनो, आयझल्यांच्या तोंडून! लाकडाला काटा येत नाही, नाहीतर माझ्या अंगावर आला असता.

पण एकार्ट विचारात पडला होता. "आई, मग बादली का नाही वाजली? केलंस तरी कधी?"

आता सांगणं भाग होतं. मान खाली घालून बाईंनी सगळं सांगितलं. रोज थोडं, उशी घेऊन, बसून.

"बसून?" एकार्ट हादरलाच. "तुला उभंही राहवत नाही? बास झालं आई, सामान बांध. कधीतरी पडशील जिन्यावरून!"

"एकार्ट, तुला मी पडायची भीती आहे ना?"

"हो!"

"मग आधीच बसलेला माणूस पडणार कुठे, सांग बघू?"

 गुल्तेन तर हसून हसून कठड्याला टेकली. शेवटी एकार्ट म्हणाला, "बरं. पुढच्या वेळी हे दोघं तुझ्या दारावर पाटी लावतात का बघू. त्यांनीच तुला सोडून दिलं, तर मात्र माझं ऐकायचं." बाईंनी मान हलवली. सगळं पुन्हा माझ्यावर आलं!

रविवारी मी गुल्तेनच्या दारावर गेले. ती मनाने लोण्याची. आठवडा संपताना तिने आयझल्यांना जिन्यात गाठलं. "पुढच्या वेळी आजींचं दार सोडूया का? बिचाऱ्या! त्यांच्या वाटणीचं मी करीन."

अगं बाई, नको गं! प्रेमाने गळा आवळणं म्हणतात ते हेच! आयझले नुसते "हं" म्हणाले. त्यांच्या 'हं'चा अर्थ त्यांच्या बायकोलाही कधी लागला नव्हता.

मग मी आयझल्यांच्या दारावर आले, आणि त्या आठवड्यात मी जे पाहिलं ते तुम्हाला खोटं वाटेल! सोमवारी ते फडकं घेऊन बाहेर आले. कठडा पुसला आणि आत गेले. मंगळवारी त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, कुणी नाही याची खात्री केली, काखेतली कोचावरची मखमली उशी काढली आणि पायरीवर बसले! आयझले! एक पायरी सरकले, थबकले, आणि स्वतःशीच म्हणाले, "अरेच्चा." बुधवारी बसले, गुरुवारी बसले. शनिवारी बादली वाजलीच नाही, आणि रविवारी ते कोचावर पडून न राहता शीळ घालत फिरायला गेले.

संध्याकाळी त्यांनी मला मुठीवरून काढलं. वरच्या जिन्याकडे वळणार, तेवढ्यात खालून गुल्तेनने विचारलं, "सोडायचं ना आजींचं दार?"

आयझले मला हातात धरून उभे राहिले. त्यांचा अंगठा माझ्या अक्षरांवर फिरत होता. माझा जीव नुसता टांगणीला!

"गुल्तेनबाई, मग माझंही दार सोडा," ते म्हणाले.

"तुमचं कशाला?"

"मीही बसूनच केला."

असं म्हणून ते वर चढले आणि त्यांनी मला तिसऱ्या मजल्याच्या मुठीला अडकवलं. दार वाजवलं नाही. पण बाई आतून दाराला कान लावूनच उभ्या असणार, कारण माझा टक् असा आवाज झाला मात्र, दार उघडलं. त्यांनी मला बघितलं, दोन्ही हातांत धरलं आणि रडतच उल्मला फोन लावून ओरडल्या, "एकार्ट, लावली रे! माझ्या दारावर लावली!"

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. घराचं काम एका दिवसात उरावर घेऊ नका, आठवड्यात वाटून टाका, रोज एक रांग. आणि घरातलं कुणी थकलं, तर त्याची पाळी काढून घेऊ नका. तिचे लहान लहान तुकडे करून द्या, हवं तर बसायला उशी द्या, पण त्याचं दार सोडून पुढे जाऊ नका.