दहा दिवसांची साक्ष

मी कोकिळाच्या जिभेवरची एक रुचिकलिका बोलतेय. दचकू नका. तुमच्याही तोंडात माझ्या हजारो बहिणी आहेत, फक्त त्यांना कोणी काही विचारत नाही. मी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. घास आला की तो गोड की कडू हे मज्जातंतूच्या कानात सांगायचं, एवढंच माझं काम.

माझं घर कायमचं, भाडेकरू मात्र बदलतात. माझ्या आतल्या पेशी आठ-दहा दिवस जगतात, एखादी चिवट निघाली तर थोडी जास्त. जुन्या मरतात, खालून नव्या वर येतात आणि मज्जातंतूशी पहिल्यापासून ओळख करून घेतात. अंगणातल्या कोंबडीच्या तोंडात आमची वस्ती विरळ, आणि तिथल्या पेशी तर तीन-चार दिवसांतच बदलतात. तरी ती आपल्या पेशींचं ऐकते. माणसाचं तसं नसतं.

कोकिळा लग्न होऊन हिंगणीजवळच्या त्या घरात आली, तेव्हा तिच्या हाताला चव आहे असं सासू आनंदाबाईही म्हणायच्या. हे कौतुक सहा महिने टिकलं. १९७६ च्या भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसल्या. नैवेद्याला सोळा भाज्यांची भाजी करायची होती. त्यातला दोडका आनंदाबाईंनी स्वतः कुडावरच्या वेलाचा तोडून आणला. कोकिळानं त्याच्या साली अंगणात टाकल्या. कोंबड्या धावत आल्या, एकेक चोच मारली आणि साली तिथंच सोडून निघून गेल्या.

ते पाहून कोकिळा चपापली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, दोडक्याची एक फोड चाखून पाहू काय? कडू असन तं?"

"लक्ष्मीचा निवद उष्टा करून राह्यली काय? तुह्या मायनं हेच शिकवलं काय तुले?"

ओसरीवर तोरण बांधत असलेल्या तिच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं, हे सगळं ऐकलं. कोकिळानं तोंड मिटलं. मी आत अंधारात बेकार बसून. एक फोड मला मिळाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, याचा राग मला अजून आहे.

सवाष्णी जेवायला बसल्या. पहिल्याच घासाला शेजारच्या रुख्माबाईंनी तोंड वाकडं केलं. "अवो, हे तं कडू जहर हाये!"

आनंदाबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "हिचा हातच कडू हाये. लक्ष्मीच्या ताटात जहर वाढलं हिनं."

चोर सोडून संन्याशाला सुळी! चंद्रभान तोरणाकडे पाहत राहिला. अन्न टाकू नये म्हणून ती भाजी शेवटी कोकिळालाच खायला लावली. तेव्हा कुठे ती माझ्यापर्यंत आली. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. तिनं मुकाट्यानं गिळली आणि संध्याकाळी न्हाणीत जाऊन ओकली.

तो कडूपणा चाखलेल्या माझ्या पेशी दहा दिवसांत मेल्या. नव्यांना त्याचा पत्ताही नव्हता. घर मात्र विसरलं नाही. कोकिळानं पाणी भरायचं, भांडी घासायची, शेण काढायचं, पण चुलीला हात लावायचा नाही. गावात तिला 'कडू हाताची' असं नाव पडलं. शेजारणी तिच्या हातचं विरजणसुद्धा घेईनात. आपला हात कडू नाही, एवढं एकदा कोणीतरी म्हणावं, याहून जास्त काही तिला नको होतं. अशी नऊ वर्षं गेली. माझ्या पेशींच्या तीनशेच्या वर पिढ्या आल्या नि गेल्या.

यंदा आनंदाबाई तापानं अंथरुणाला खिळल्या. ताप, गोळ्या आणि वय. त्यांच्या जिभेवर मेलेल्यांच्या जागी नव्या पेशी वेळेवर येईनात, काहीही दिलं तरी कडूच लागे. चूल नाइलाजानं कोकिळाकडे आली. तिनं तांदळाची पेज केली, साखर घातली, आणि यात देवाचं काही नव्हतं म्हणून आधी स्वतः चाखली. मी सांगितलं, गोड आहे. तिला धीर आला.

आनंदाबाईंनी एक चमचा घेतला आणि थुंकून टाकला. "कडू! जलमाची कडू हाये हे."

"आत्याबाई, मी चाखली. गोड हाये," कोकिळा नऊ वर्षांत पहिल्यांदा उलटून बोलली. तिनं वाटी नवऱ्यापुढे धरली. "तुमीच सांगा जी."

चंद्रभाननं चमचाभर पेज तोंडात घेतली. ओठाला लागलेलीसुद्धा चाटली. त्याच्या जिभेवरच्या माझ्या बहिणींनी त्याला खरं तेच सांगितलं, याची मला खात्री आहे. त्यानं एकदा आईकडे पाहिलं.

"कडूच हाये, माय."

कोकिळा रडली नाही. तिनं वाटी तोंडाला लावली आणि दोघांसमोर उभ्यानं सगळी पेज पिऊन टाकली.

याला आज आठ दिवस झाले. ती पेज चाखलेल्या माझ्या पेशी आता एक-दोन दिवसांच्या सोबती आहेत. त्या गेल्या की या घरात कोकिळाशिवाय साक्ष द्यायला कोणी उरणार नाही, आणि तिची साक्ष कोणी धरत नाही. चंद्रभान तर जिवंत असूनही देणार नाही. म्हणून त्या आहेत तोवर तुम्हाला सांगून ठेवते, आणि कधी त्या गावावरून गेलात तर तुम्हीही सांगा: ती पेज गोड होती.